न फिरवलेला पिठाचा गोळा

माझ्या जन्माच्या वेळी आमच्या घरात एक काम करायचं राहून गेलं, आणि त्याची आठवण मला पुढे जवळजवळ रोज करून देण्यात आली. तान्ह्या बाळाला न्हाऊ घालताना डाळीचं पीठ, हळद आणि साय एकत्र मळून त्याचा लिंबाएवढा गोळा करतात आणि तो बाळाच्या कपाळावरून, पाठीवरून, हातांवरून फिरवतात. जन्मताना अंगावर आलेली लव त्याला चिकटून निघून जाते अशी समजूत. हे काम बाळंतिणीच्या सासूचं. सासू नसेल तर तिचं तिनं करायचं. माझ्या आईला सासू नव्हती, आणि माझ्या वेळी ती तापानं अशी पडली की मला पाजण्यासाठीसुद्धा शेजारणीनं उचलून तिच्या कुशीत द्यावं लागे. गोळा फिरवायचा राहिला. ताप उतरून आई उठली तोवर सव्वा महिना होऊन गेला होता, आणि सव्वा महिन्यानंतर गोळा फिरवून उपयोग नसतो असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. मी आठ-नऊ वर्षांची झाले तेव्हा माझ्या दोन्ही हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत काळीभोर लव होती, ओठावर सावली होती आणि भुवया एकमेकींना भेटलेल्या होत्या. पाठीवरही होती, पण पाठ झाकलेली राही.

पुढे मी स्वतः नात्यागोत्यातली कितीतरी बाळंतपणं निस्तरली. गोळा फिरवलेली पोरं पाहिली, न फिरवलेली पाहिली. ज्याच्या अंगावर केस यायचे त्याच्या येतात. गोळ्यानं बाळाची कातडी तेवढी लाल होते. पण हे कळायला मला संसार व्हावा लागला, आणि तोवर जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

केजच्या पेठेत आमचं दुकान होतं आणि दुकानाच्या मागे घर. किराणा आणि त्याच्यासोबत झाडपाल्याची औषधं, रंग, धूप, कापूर असं सगळं अप्पा विकत. सकाळी जाग यायची ती जात्याच्या आवाजानं. जातं थांबलं की भाकरी थापण्याचा आवाज, मग पुढल्या बाजूला अप्पांनी तराजूची पारडी एकमेकांवर आपटून पुसली की दिवस सुरू झाला असं समजायचं. घराला हिंग, चिकणी सुपारी आणि गुळाचा वास कायमचा होता. पाहुणे आले की म्हणत, पण आम्हाला तो येत नसे. जेवायला ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, येसराची आमटी, शेंगदाण्याची चटणी. दुकानाच्या मालकाच्या घरी फार चांगलंचुंगलं होत असेल असं माझ्या मैत्रिणींना वाटे. तसं नव्हतं. चांगलं ते विकायला, आणि चाळणीत उरलेलं ते घरात.

घरात अप्पा, आई, मी, पाळण्यातला माझा भाऊ आणि आत्या. आत्या म्हणजे अप्पांची थोरली बहीण. तिला आष्टीला दिली होती; नवरा लवकर गेला, सासरी थारा राहिला नाही, माझ्या जन्मानंतर ती भावाकडे आली. गळ्यात लिंगाची चौकट, हातात रुद्राक्षाची लांब माळ. वर्षातून एकदा बैलगाडीनं कपिलधारच्या यात्रेला जाऊन येई, बाकी सगळं वर्ष घरात. अप्पा आणि आई दोघंही तिला आक्का म्हणत. तिच्या मनात वाईट नव्हतं, हे मी आधीच लिहून टाकते. माझी वेणी तीच घालायची, तापात उशाशी तीच बसायची. पण वेणी घालताना तिची नजर माझ्या हातांवर गेली की तोंड सुरू होई.

"लई गुणाची हाय माझी शिवी," ती म्हणे, "पर हे हात कुणी बघितलं तर म्हनंल, कुनाचा पोरगा हाय. काशे, येळेला गोळा फिरवला असता तर ही पाळी आली नसती."

शिवी म्हणजे मी, आणि काशी म्हणजे माझी आई. ती उत्तर देत नसे. पिठात हात असले तर ते जरा जोरात चालत, एवढंच. ती तेव्हा तिशीचीही नसेल, पण मला ती नेहमी दमलेलीच आठवते. बोलून घ्यायचं आणि पुढच्या कामाला लागायचं, ही तिची रीत होती. आता मी त्या वयाच्या कितीतरी पुढे आले आहे, आणि कधीकधी संध्याकाळी चुलीपुढे बसले की माझ्याही खांद्यांना तिची बसण्याची तऱ्हा येते.

उपाय सगळे झाले. आत्या एकेक संपवून दुसऱ्याकडे जाई. आधी हळद-पीठ, रोज आंघोळीआधी, वाळेपर्यंत बसायचं आणि मग उलट्या दिशेनं चोळून काढायचं. त्यानं हात पिवळे झाले, केस तसेच. मग चुलीतली राख चिमटीत घेऊन उपटणं. चार दिवस हात बरे दिसले, पाचव्या दिवशी सगळीकडे पुटकुळ्या उठल्या. मग खापराचा तुकडा. तो घासून घासून माझ्या हातांची साल गेली, आणि त्यावर आमटीचा थेंब उडाला तेव्हा मी ओरडले. आईनं ते खापर उचलून परसात फेकलं. आत्या दिवसभर माळ घेऊन बसली. संध्याकाळी म्हणाली, "माझं काय हाय? उद्या पोरीला बघाया लोक येतील, तवा तुमीच बघा."

मला बघायला येणाऱ्या लोकांची चिंता नव्हती. माझं दुःख वेगळं होतं आणि ते घरात कुणाला सांगावं असं नव्हतं. मारुतीच्या पाराजवळ आम्ही मुली फुगडी खेळत असू. फुगडीला समोरच्या मुलीचे दोन्ही हात धरावे लागतात. आमच्यात चंदी म्हणून मागच्या आळीतल्या तेल्याची मुलगी होती. अंगानं दांडगी, तिच्या फुगडीला कुणी टिकत नसे. ती ज्यांना खेळायला घेई त्या खेळत. त्या उन्हाळ्यात दरवेशी अस्वल घेऊन पेठेत आला. लहान पोरं झोपेत दचकू नयेत म्हणून आया अस्वलाचा केस मागून घेत आणि ताइतात घालून पोरांच्या गळ्यात बांधत. दरवेशी अस्वलाच्या पाठीतून केस उपटत होता, बाया हात पुढे करत होत्या, आणि चंदी मोठ्यानं म्हणाली, "त्याला कावून मागता ग? ही शिवी हाय की आपल्यात. फुकट उपटा!"

सगळ्या हसल्या. एकीनं खरंच माझ्या हाताचा केस ओढून काढला आणि फुंकून उडवला. त्या दिवसापासून मी अस्वल झाले. फुगडीला हात पुढे केला की चंदी हात मागे घेई. "नगं ग माय, मला काटा येतो. अस्वलाबरं अस्वलानंच खेळावं." मग दुसऱ्याही घेईनाशा झाल्या. त्यांना काटा येत होता असं नाही. चंदीच्या नजरेतून आपण उतरू नये म्हणून.

मी आईच्या मागे लागून पोलक्याच्या बाह्या मनगटापर्यंत शिवून घेतल्या. जेवताना बाही आमटीत बुडे. उकाड्यात घामानं हात खाजत. पाणी भरायला जाताना मी बाह्या मुठीत धरून चाले. पाराकडे जाणं सोडलं, कुणी विचारलं तर पोट दुखतंय म्हणत असे. आईनं दोनदा मला ओव्याचं पाणी पाजलं. तिसऱ्यांदा तिनं फक्त माझ्याकडे पाहिलं आणि ओवा डब्यात परत ठेवला.

हल्ली माझ्याकडे नात्यातल्या लेकीसुना सगळं विचारायला येतात. पापडाच्या पिठाला पापडखार किती, लग्नाच्या घरी साखर किती आणायची, सुतकात काय चालतं. मला सगळं जागच्या जागी आणि हिशोबात लागतं हे त्यांना माहीत आहे. अधूनमधून एखादी आठ-नऊ वर्षांच्या मुलीला पुढे करून हळूच विचारते, "मावशी, हिच्या हाताला काही लावावं का? लई लाजते हो शाळेत." आता बाजारात नळीतून काय काय मिळतं. मुलगी पाठीमागे हात बांधून जमिनीकडे पाहत असते. मला दर वेळी थकल्यासारखं होतं. मोठी झाल्यावर बाईनं स्वतःच्या अंगाचं काय करायचं ते तिचं तिनं करावं, त्यात मला काही वावगं वाटत नाही. पण आठ वर्षांच्या पोरीच्या हातावर जे लावायचं ते खरं तर कुणाच्या तरी जिभेवर लावायला हवं असतं. ती जीभ कुणाची, हे आधी शोधा, असं मी सांगते. पुष्कळदा ती घरातच सापडते.

आमच्या परसाच्या भिंतीपलीकडे कचेरीतल्या पेशकारांचं घर होतं. त्यांच्या बायकोला मी खालाजान म्हणत असे. गोरी, जाडजूड, हसऱ्या तोंडाची बाई. पडद्यात असल्यामुळे ती बाहेर निघत नसे, पण भिंतीचा एक भाग ढासळला होता आणि तिथून आत्याचं आणि तिचं तासन् तास बोलणं चाले. एकीची दखनी, एकीची मराठी, अडत कुणाचंच नसे. आषाढ निम्मा सरला होता. नागपंचमी तीन आठवड्यांवर आली होती. त्या दिवशी मी भिंतीपाशी आत्याच्या मागे उभी होते.

आत्यानं आडवळणानं विषय काढला. "तुमच्यात म्हनं हरताळ लावत्यात. केस जायाला."

"हौ, लगाते ना," खालाजान म्हणाली. "हरताल और कली का चूना. पानी डाल के घोटना, और उसमें कबूतर का पर डुबा के देखना. पर के बालां झड़ गए तो समझना तय्यार है."

"आनि ठिवायचं किती येळ?"

"एक तसबी फिराए तक. बस. फिर झट से धो डालना." तिच्या हातात तिची तसबी, जपाची माळ, होतीच, मुठीत मावेल एवढी, बारीक मण्यांची. बोलता बोलता ती सरसर फिरत असे. मग तिची नजर माझ्यावर गेली आणि तिचं हसू गेलं. "किसकू लगाते? इस बच्ची कू? नक्को बाई! कच्ची चमडी है. वो बड़े लोगां का काम है. अल्ला के वास्ते, इसकू नक्को."

"न्हाई ओ," आत्या म्हणाली. "सहज इचारलं."

हरताळ आमच्याच दुकानात होता. वरच्या फळीवर, झाकणाच्या डब्यात, अभ्रकासारखे पिवळेधमक पापुद्रे. पोथ्या लिहिणारे चुकलेली अक्षरं झाकायला नेत, वैद्य नेत, खालाजानच्या घरासारखी घरं नेत. अप्पा तो डबा स्वतःच्या हातानं काढत आणि देऊन झालं की हात मातीनं घासून धूत. आम्हाला त्या फळीला हात लावायची बंदी होती. पण अप्पा सणाच्या आधी माल भरायला बार्शीला गेले. बार्शी म्हणजे इंग्रजी मुलूख, निजामाच्या मोगलाईबाहेर; नाक्यावर गाड्या थांबत, यायला दिवस लागत. पंचमीच्या आधी घरातलं सगळं धुणं काढायची रीत, म्हणून आई गोधड्यांचं बोचकं घेऊन नदीवर गेली. भाऊ पाळण्यात झोपला होता. आत्यानं मला आत बोलावलं.

"पंचमीला खेळायचं हाय का न्हाई?" तिनं विचारलं.

म्हणजे तिला माहीत होतं. मला वाटत होतं कुणाला माहीत नाही. मी मान हलवली.

"मग गप बसायचं. जरा चुनचुनंल. बाईच्या जातीला एवढं सोसावं लागतं."

खरं सांगायचं तर मला कुणी धरून बसवलं नाही. मी आनंदानं बाही वर सारली. चंदीच्या हातात माझा गुळगुळीत हात गेल्यावर तिचं तोंड कसं होईल हेच डोळ्यांपुढे होतं. आत्यानं दगडी खलात घोटलं. इतका कुजका वास सुटला की तिनं पदर नाकाला लावला. कोंबडीचं पीस बुडवून पाहिलं, त्याचे केस गळाले, नुसती काडी राहिली. मी टाळी वाजवली. तिनं डाव्या हातावर, मनगटापासून कोपरापर्यंत, सारवल्यासारखा लेप दिला. "एक माळ," ती म्हणाली, आणि भिंतीला टेकून डोळे मिटले.

आता आत्याची माळ म्हणजे काय ते सांगायला हवं. ती गुरूंनी दिलेली होती. जाड रुद्राक्ष, बसलेल्या बाईच्या मांडीवर दोन वेढे पडतील एवढी लांब. एकेक मणी ओढताना ती श्वास आत घेई, मनातल्या मनात नमः शिवाय म्हणे आणि श्वास सोडल्यावर मग पुढचा मणी. माळ हातात असताना बोलायचं नाही आणि एकदा धरलेली माळ मेरुमण्यापर्यंत गेल्याशिवाय सोडायची नाही, हा तिचा नेम. एकदा दुकानात बैल शिरला होता तेव्हाही तिनं सोडली नव्हती. अप्पा ही गोष्ट गिऱ्हाइकांना कौतुकानं सांगत.

आधी चुनचुणलं. मग मुंग्या. मग ऊन लागल्यासारखं. मी म्हणाले, "आत्या, भाजतंय." तिनं डोळे न उघडता डावा हात वर केला: थांब. मी थांबले. मग कुणीतरी निखारा धरल्यासारखं झालं. मी रडायला लागले. तिच्या बोटांखालचे मणी जरा भराभर सरकू लागले, कपाळावर घाम आला, पण माळ संपत नव्हती. मी हात झाडला, तर तिनं माझा पंजा धरून ठेवला, लेप इकडेतिकडे लागू नये म्हणून. तिच्या ओठांची हालचाल मला दिसत होती. मी किंचाळले तशी पाळण्यातलं पोरही उठून रडायला लागलं. भिंतीपलीकडून खालाजान हाका मारत होती, "क्या हुआ? अरे क्या हुआ?"

दारात आई उभी राहिली. डोक्यावर ओल्या गोधड्यांचं ओझं. तिनं ते टाकलं नाही; तशीच धावत आली आणि सगळ्या ओल्या गोधड्या माझ्या हातावर दाबल्या. मग रांजणातलं पाणी, तांब्यावर तांब्या. लेप वाहून गेला आणि त्याच्यासोबत केस गेले. केसांसोबत कातडीही गेली. आत्याची माळ तेव्हा संपली. तिनं ती डोळ्यांना लावली आणि मग माझ्या हाताकडे पाहिलं.

भिंतीच्या भगदाडातून, पडदा-बिडदा बाजूला ठेवून, खालाजान आत आली. हातात कोरफडीचं पान होतं. गर काढून ती माझ्या हातावर लावत होती आणि बोलत होती. "मैं बोली थी ना? बोली थी ना बच्ची कू नक्को? कितनी देर रखे?"

"एक माळ," आत्या म्हणाली.

"इत्ते में इत्ता नहीं जलता. कौनसी माला?"

आत्यानं हात वर केला. माळ तिच्या बोटांतून खाली लोंबली आणि जमिनीला टेकली. खालाजाननं ती वरपासून खालपर्यंत पाहिली आणि आपल्या मुठीतली तसबी पाहिली. मग ती पुन्हा माझ्या हातावर वाकली. गर लावत राहिली.

त्यानंतरचे दिवस मला वासांनी आठवतात. शंभरदा पाण्यात धुतलेल्या लोण्याचा वास, केळीच्या पानाचा, जुन्या लुगड्याच्या पट्ट्यांचा. ताप चढला. आई मला ज्वारीची आंबील घोटाघोटानं पाजत असे. आत्या दाराबाहेर बसून राही, आत येत नसे. जेवण वाढलं तर ताटाला हात लावून नमस्कार करून उठून जाई. वेणी घालायला कुणी नसल्यामुळे माझ्या केसांची जट झाली.

अप्पा आले. गाड्या दारात उभ्या होत्या, बैल सुटले नव्हते, तोच त्यांनी माझा हात पाहिला. त्यांनी आधी वास घेतला. दुकानदाराला वासावरून माल कळतो. मग ते वरच्या फळीकडे गेले, डबा उघडून पाहिला आणि परत आले. आवाज चढवला नाही. "कुणी काढला डबा?"

आत्या दारात होती. तिनं गळ्यातलं लिंग मुठीत धरलं. तिचे ओठ हलले.

"म्या काढला," आई म्हणाली.

अप्पा तिच्याकडे पाहत राहिले. "तुला ठावं हाय ना काशी, ते इष हाय? उंदराला घालाया नेत्यात लोक."

"हाय ठावं."

"मग?"

"चुकलं."

अप्पा त्या दिवशी जेवले नाहीत. पुढे कितीतरी दिवस ते आईशी कामापुरतं बोलत. मी काही बोलले नाही. तापात होते, आणि मोठी माणसं असं का करतात हे कळण्याचं वयही नव्हतं. मी लेकुरवाळी झाल्यावर एकदा आईला विचारलं. ती डाळ निवडत होती. म्हणाली, "आक्का कुठं गेल्या असत्या ग? मला बोलून घ्यायची सवयच होती." आणि डाळीतला खडा काढून बाजूला ठेवला.

एक मात्र झालं. गोळ्याचं बोलणं त्या दिवसापासून आमच्या घरातून गेलं.

पंचमी आली. त्या दिवशी आमच्याकडे चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही; सगळं उकडलेलं. घरात पुरणाच्या दिंडांचा वाफाळता वास भरला होता. माझा डावा हात पट्ट्यांत गुंडाळून गळ्यात अडकवला होता. अप्पांनी बार्शीहून आणलेल्या हिरव्या बांगड्यांतल्या अर्ध्याच आईनं माझ्या उजव्या हातात भरल्या. त्या मनगटावरच्या लवेत अडकत अडकत चढल्या. दुपारनंतर पाराकडून मुलींचे आवाज येऊ लागले. पावलांचा दणका, पैंजणांचा आवाज, मध्येच हसणं. चंदीचा आवाज सगळ्यांच्या वर. आई माझी पट्टी बदलायला बसली. खालची कातडी आता गुलाबी, ओली आणि अगदी गुळगुळीत होती. तिच्यावर केस नव्हता आणि पुढे कधीच आला नाही. मी ती बराच वेळ निरखून पाहिली.

"माय," मी विचारलं, "दुसऱ्या हाताला कधी लावायचं?"

आईचा हात थांबला. "दुखलं न्हाई का ग तुला?"

"दुखलं."

"मग?"

"दुखलं तरी चालंल. पुढच्या पंचमीपत्तर बरं हुईल की."

आई रागावेल असं मला वाटलं होतं. ती रागावली नाही, रडलीही नाही. मांडीवर दोन्ही हात पालथे टाकून नुसती बसली, उन्हातून लांबचं चालून आलेलं माणूस ओट्यावर बसतं तशी. इतकी थकलेली मी तिला माझ्या तापाच्या दिवसांतही पाहिली नव्हती. पट्टीचं एक टोक जमिनीवर लोळत होतं आणि ती ते उचलत नव्हती.

आत्यानं दाराबाहेरून ऐकलं होतं. ती आत आली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा आत आली. "काशे," ती म्हणाली, "हे म्या घातलं हिच्या डोस्क्यात."

"एकट्या तुमी न्हाई, आक्का," आई म्हणाली. "मीबी गप बसले की."

पाराकडून चंदीचा आवाज पुन्हा आला. आत्या तिकडे कान देऊन उभी राहिली. मग तिनं हातातली माळ खुंटीला अडकवली. पदर कमरेला खोचला. आष्टीहून आल्यापासून तिला मी सणाच्या दिवशी अंगणातसुद्धा उभी राहिलेली पाहिली नव्हती. नवरा गेलेल्या बाईनं पंचमीला बायकांत जायचं नसतं हे ती इतरांना सांगत असे.

"ऊठ," ती मला म्हणाली. "एका हाताची फुगडी येती का?"

"न्हाई."

"मला येती. आष्टीत माझ्याबरं कुणी टिकत नव्हतं."

आईनं पट्टी बांधून गाठ मारली. आम्ही दोघी परसात गेलो. जमीन ओली होती. आत्यानं एक हात कमरेवर ठेवला, दुसरा पुढे केला, आणि मी माझा उजवा हात तिच्या हातात दिला. पहिल्या गिरकीला ती घसरली. दुसरी जमली. तिसऱ्या गिरकीला तिला धाप लागली, तिची जुनी पावलं वेडीवाकडी पडू लागली, भिंतीच्या भगदाडातून खालाजान "गिरते, गिरते, संभालो!" म्हणून ओरडत होती आणि हसत होती. माझ्या बांगड्यांतल्या दोन फुटल्या. आई दारात उभी राहून म्हणाली, "बास करा आता, दिंडं गार व्हायलीत."

आत्यानं सोडलं नाही. पंजा निसटतोय असं वाटून तिनं पकड बदलली होती. तिचा हात माझ्या मनगटाच्या वर, थेट केसांवर होता, आणि तिनं तो घट्ट धरला होता.